आधी नंबर उतरवा, मग गाडी द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑगस्ट 2024 मध्ये राज्य सरकारने पसंतीच्या क्रमांकांचे दर वाढवले आणि चारचाकीचा 0001 थेट 5 लाखांवर गेला. तेव्हापासून ‘विलायतेत बरं, एकदा घेतलेला नंबर जन्मभर आपला’ असे ऐकू येते. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही हाच समज आहे आणि गाडी बदलताना तो नडतो. नंबर आपल्याकडे ठेवता येतो हे खरे, पण तो आपोआप राहत नाही. आपले अनेक वाचक तिकडे आहेत, शिवाय ज्यांची मुले तिकडे आहेत असेही पुष्कळ, म्हणून हा पत्रप्रपंच.

तिथला कायदा नंबराला मालमत्ता मानत नाही. आपण पैसे मोजून विकत घेतो तो फक्त तो नंबर लावण्याचा हक्क, आणि नंबर गाडीवर असेपर्यंत हा हक्क गाडीला चिकटलेला असतो. नेमका घोळ इथेच होतो. जुनी गाडी बदल्यात देऊन नवी घ्यायला माणूस शोरूममध्ये जातो. चहा येतो, किल्ल्या हातात पडतात, आणि समोरचा विक्रेता ‘गाडी व्यापाऱ्याला विकली’ अशी नोंद संगणकावर दोन मिनिटांत टाकून मोकळा होतो. त्या क्षणी नंबरही गेला. तो परत मिळवून देणे स्वॉन्सीच्या डीव्हीएलएचे, म्हणजे तिथल्या वाहन नोंदणी खात्याचे, काम नाही. मग पुढच्या मालकाच्या मिनतवाऱ्या करायच्या, आणि तो किंमत सांगेल ती ऐकून घ्यायची. ‘आम्ही बघतो नंबराचं’ या तोंडी आश्वासनावर गाडी सोडू नये.

पद्धत अवघड नाही, क्रम मात्र चुकता कामा नये. नंबर उतरवून राखून ठेवण्याचा अर्ज डीव्हीएलएच्या संकेतस्थळावर करता येतो. त्यासाठी लॉगबुक, म्हणजे व्ही5सी, हाताशी हवे. त्यावरचा 11 आकडी संदर्भ क्रमांक लागतो. शुल्क 80 पौंड. ऑनलाइन अर्ज मान्य झाला की नंबर त्याच क्षणी उतरतो आणि गाडीला सहसा तिचा मूळ नंबर परत मिळतो. टपालाने दोन कागद येतात: मूळ नंबराचे नवे लॉगबुक आणि राखलेल्या नंबराचा दाखला, व्ही778. हे नवे लॉगबुक हातात पडेपर्यंत गाडी विकायची नाही, भंगारातही द्यायची नाही. कागद लॉगबुकावरच्या पत्त्यावर जातात, त्यामुळे घर बदलले असेल तर आधी पत्ता दुरुस्त करून घ्यावा. पुढे हाच नंबर दुसऱ्या गाडीवर चढवताना पुन्हा पैसे पडत नाहीत; ते या 80 पौंडांत आलेच.

एका गाडीवरून थेट दुसरीवर नंबर नेण्याची टपाली वाटही आहे, व्ही317 अर्जाची. शुल्क तेवढेच, पण दोन्ही गाड्यांचे कागद एकदमच पाकिटात जातात आणि आपण वाट पाहत बसतो. दोन टप्प्यांची ऑनलाइन वाट केव्हाही बरी. शोरूमची कोरी गाडी घेत असाल तर व्ही778 विक्रेत्याकडे आधीच द्यावा, म्हणजे पहिली नोंदणीच आपल्या नंबराने होते.

अर्ज फेटाळला जाण्याची कारणे ठरलेली आहेत. गाडी डीव्हीएलएकडे नोंदलेली हवी, स्वतःच्या इंजिनावर हलणारी हवी आणि एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची वार्षिक चाचणी) किंवा अवजड वाहनाची चाचणी लागू असलेल्या प्रकारातली हवी. गेली पाच वर्षे सलग तिचा कर भरलेला असावा, नाहीतर ती रस्त्यावर नसल्याची नोंद, म्हणजे सॉर्न, असावी. सॉर्नलाच पाच वर्षे उलटून गेली असतील तर आधी कर आणि एमओटी. अंगणात वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या गाड्यांचे अर्ज इथेच अडकतात.

आता वयाचा नियम, कारण मराठी आडनावांची गंमत आणि गोची दोन्ही त्यात आहेत. सप्टेंबर 2001 पासूनच्या नंबरात दोन अक्षरे, दोन आकडे आणि तीन अक्षरे असतात. आकडे गाडीचे वय सांगतात: मार्च 2021 चा 21, सप्टेंबर 2021 चा 71. या मालिकेत रोमन ‘आय’ हे अक्षर मुळात वापरतच नाहीत, आणि आपल्या आडनावांना इकार सुटत नाही! म्हणून पाटील मंडळी ‘पीए71 एल’ने सुरू होणाऱ्या नंबरांवर डोळा ठेवून असतात, 7 चा ‘टी’ वाचायचा, 1 चा ‘आय’. मात्र गाडी आहे त्याहून नवी भासवणारा नंबर लावता येत नाही. हा 71 वाला नंबर 2022 च्या गाडीवर चालेल, 2019 च्या गाडीवर नाही. उलट जुना नंबर नव्या गाडीवर खुशाल लावावा. त्यामुळे नव्या गाडीवरून जुन्या, सेकंडहँड गाडीकडे वळणाऱ्यांनी आधी तिच्या पहिल्या नोंदणीची तारीख बघावी. नंबर बसत नसेल तर तो दाखल्यावर तसाच राहू द्यावा. इकार हवाच असेल तर उत्तर आयर्लंडच्या मालिकेकडे बघावे. तिथल्या नंबरांत ‘आय’ किंवा ‘झेड’ असतेच, शिवाय त्यावर वर्षाचा आकडा नसल्याने वयाची अडचणही येत नाही.

पाटीलचा ‘एल’ आकड्यांना भिडवण्याचा मोह मात्र आवरावा. अक्षराची उंची 79 मिलिमीटर, रुंदी 50, रेषेची जाडी 14, दोन अक्षरांत 11 आणि दोन गटांत 33 मिलिमीटर अंतर, पाटी पुढे पांढरी आणि मागे पिवळी, हे सगळे ठरलेले आहे. अंतर खाल्ले किंवा काळ्या स्क्रूने एका अक्षराचे दुसरे केले, तर 1,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि नंबरही काढून घेतला जाऊ शकतो. पाटी बनवणारा लॉगबुक किंवा व्ही778 आणि ओळखपत्र मागतो. न मागता ‘हवी तशी’ करून देणाऱ्याकडे जाऊ नये.

नंबर उतरला की जुन्या पाट्या घेऊन गाडी मैलभरही चालवायची नाही. तेव्हा मूळ नंबराच्या पाट्या कुठून करून घ्यायच्या हे ठरवूनच अर्ज करावा. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवायचे. पोलिसांचे कॅमेरे नंबर वाचून विम्याच्या सामायिक यादीत शोधतात. तिथे तो सापडला नाही तर गाडी बिनविम्याची ठरते आणि जप्तही होऊ शकते. लंडनच्या यूलेझचे, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्काचे, स्वयंचलित खाते, डार्टफर्डचा टोल, घरासमोरच्या पार्किंगचा परवाना, मोबाइलमधले पार्किंगचे अ‍ॅप, सगळीकडे नंबर बदलावा लागतो. यूलेझचा दंड 180 पौंड आहे, चौदा दिवसांत भरला तर निम्मा.

भाडेकराराच्या गाडीत लॉगबुक कंपनीच्या नावावर असते. नंबर उतरवण्याचा अर्ज तिच्यामार्फत होतो आणि ती त्याचे वेगळे पैसेही लावू शकते. करार संपायच्या आठवड्यात फोन करून भागत नाही, निदान दोन महिने आधी लेखी मागणी करावी. अपघातात गाडी मोडीत निघाली तर भरपाई स्वीकारण्याआधी विमा कंपनीला नंबर ठेवायचा असल्याचे सांगावे. पैसे घेतले की गाडी त्यांची. चोरीला गेली असेल तर पोलिसांत तक्रार असली पाहिजे, चोरीच्या वेळी कर आणि एमओटी चालू असायला हवे, आणि सहा महिने उलटल्यावरच नंबरावर हक्क सांगता येतो.

राहिला व्ही778. तो 10 वर्षांचा असतो. 2015 पूर्वी तो वर्षाचा असे आणि दर वर्षी 25 पौंड भरावे लागत. आता नूतनीकरण फुकट आहे, पण मुदत संपण्याच्या आतच करावे लागते. मुदत उलटली की नंबर गेला. दाखल्यावरची ती तारीख पासपोर्टच्या तारखेशेजारी कॅलेंडरात टिपून ठेवावी.

आपला,
एक वाचक, लेस्टर