परदेशाचा परवाना आला, जन्मदाखला अडला

महोदय,

परदेशी नोकरीच्या व्हिसाविषयीच्या बातम्यांत तिकडच्या सरकारांनी नियम कसे कडक केले, हाच सूर असतो. आमच्या घरचा अनुभव नेमका उलटा आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मुलाला नेदरलँड्समधील आइंडहोवन येथे नोकरी मिळाली. तेथे उच्चकुशल परदेशी कर्मचाऱ्याच्या वास्तव्याचा अर्ज सरकारमान्य प्रायोजक असलेली कंपनीच करते, पत्नी व मुलांचे अर्जही त्यासोबत देता येतात आणि पत्नीला नोकरीसाठी वेगळा परवाना काढावा लागत नाही. तिघांचीही मंजुरी तीन आठवड्यांत आली. मात्र तिकडच्या नगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंद करताना विवाहाचा आणि मुलीच्या जन्माचा मूळ दाखला अपोस्टिलसह, म्हणजे तो खरा असल्याच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रमाणनासह, दाखवावा लागतो. घोडे अडले ते इथे.

रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी, मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी झाले. जन्माची नोंद जन्म होतो तेथील निबंधकाकडे 21 दिवसांच्या आत करायची असते आणि रुग्णालयाने ती वेळेत केलीही. बारसे व्हायचे होते, त्यामुळे बाळाच्या नावाचा रकाना कोरा राहिला. तो पुढे भरून घेतला. पण सूनबाईंना लहानपणापासून ओळखणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर त्यांचे माहेरचे नाव लिहिले होते, आणि तेच नोंदवहीत उतरले. पासपोर्टवर मात्र सासरचे नाव. दोन्ही नावे एकाच स्त्रीची, असे प्रतिज्ञापत्र केले की आपल्याकडे काम भागते. मुलाला तिकडे सांगण्यात आले, की दाखल्यातच दुरुस्ती हवी. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 15 नुसार मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती करता येते. तरतूद सोपी असली, तरी तेवढ्यासाठी मला साताऱ्याहून तीन खेपा घालाव्या लागल्या. एकदा संबंधित लिपिक रजेवर, एकदा नोंदवही दुसऱ्या इमारतीत.

विवाहाच्या दाखल्याची तऱ्हा वेगळी. कागद जपावा म्हणून मी हौसेने त्याला लॅमिनेशन करून आणले होते. अपोस्टिलचे स्टिकर कागदाच्या पाठीवर चिकटवतात, त्यामुळे तो दाखला परत आला आणि नवी प्रत काढावी लागली. एरवी परराष्ट्र मंत्रालयाचे स्वतःचे शुल्क दाखल्यामागे अवघे 50 रुपये आहे. पैसे जातात ते त्याआधी मुंबईच्या मंत्रालयातील साक्षांकन, एजंट आणि हेलपाटे यांवर. त्यात प्रवेशाचा परवाना मंजुरीनंतर तीन महिन्यांच्या आत घ्यायचा असल्याने रोज दिवस मोजणे आलेच.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. तेव्हा रुग्णालयांनी आईचे नाव केसपेपरवरून न उतरवता तिच्या ओळखपत्रावरून लिहावे आणि नोंद पाठवण्यापूर्वी तो मसुदा आई-वडिलांना वाचायला द्यावा. निबंधक कार्यालयांनीही दुरुस्तीचा अर्ज राहत्या गावातून स्वीकारण्याची सोय करावी, अशी विनंती आहे.

आमच्या नातीचा दुरुस्त दाखला गेल्या सोमवारी मुंबईला रवाना झाला आहे. परवान्याच्या मुदतीचे एकोणीस दिवस उरले आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त लिपिक, सातारा