रशियन भूदासांच्या मुक्तीचा हिशेब

मा. संपादक,
स. न.

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत आणि दिनविशेषाच्या चौकटीत एक वाक्य वर्षानुवर्षे जसेच्या तसे छापले जाते : ‘१८६१ : झार दुसरा अलेक्झांडर याने भूदासांना मुक्त करून जमिनी वाटल्या.’ (भूदास म्हणजे जमीनदाराच्या मालकीखालची, त्याला बांधलेली कष्टकरी माणसे.) या वाक्यातले ‘मुक्त करून’ अर्धे खरे आहे. ‘जमिनी वाटल्या’ मात्र साफ चूक. जमीन विकली गेली, बहुतेक ठिकाणी ती एकेका शेतकऱ्याला न विकता सबंध गावाला विकली गेली, आणि तिची किंमत जमिनीकडे बघून ठरलीच नाही.

आधी जे पदरात पडले ते सांगतो. जमीनदारांच्या ताब्यातल्या सुमारे सव्वादोन कोटी माणसांची खरेदी-विक्री थांबली. लग्नाला मालकाची परवानगी लागेना. स्वतःच्या नावावर मालमत्ता घेणे, व्यापार करणे, कोर्टात दावा लावणे हे सगळे शक्य झाले. हे थोडके नव्हते. पण वेठ (मालकाच्या शेतात बिनमजुरी राबणे) आणि खंड (मालकाला दरवर्षी पैशात द्यायचे देणे) लगेच सुटला नाही. पहिली दोन वर्षे बहुतांशी जुनेच देणे चालू राहिले, आणि त्यानंतरही सोडवणुकीचा, म्हणजे पैसे भरून मालकाकडून जमीन सोडवून घेण्याचा, करार होईपर्यंत शेतकरी ‘तात्पुरता बांधील’च राहिला. पूर्ण वाट्याच्या (त्या भागात ठरलेल्या कमाल) जमिनीसाठी वर्षाला पुरुषाचे ४० आणि बाईचे ३० दिवस वेठीचे, त्यातले तीन-पंचमांश ऐन उन्हाळ्यात, म्हणजे स्वतःच्या शेतातले गवत आणि पीक उभे असताना.

सोडवणुकीची रक्कम अशी निघे. शेतकऱ्याचा वार्षिक खंड १० रूबल धरा. सहा टक्के व्याजाने वर्षाला १० रूबल देईल एवढे भांडवल, म्हणजे १६६ रूबल ६७ कोपेक, ही जमिनीची ‘किंमत’. पूर्ण वाटा घेतला असेल तर तिच्यातले ८० टक्के, म्हणजे १३३ रूबल ३३ कोपेक, सरकार जमीनदाराला रोख्यांच्या रूपात देई. उरलेले ३३ रूबल ३३ कोपेक शेतकऱ्याने परस्पर मालकाला पैशात किंवा कामात फेडायचे. (मालकानेच एकतर्फी सोडवणूक मागितली, तर हा पाचवा हिस्सा त्याला सोडावा लागे.) सरकारचे कर्ज दरसाल सहा टक्क्यांनी ४९ वर्षे फेडायचे : वर्षाला ८ रूबल, एकूण ३९२. सहा टक्क्यांतले मुद्दलाला जात फक्त अर्धा टक्का, बाकी व्याज आणि खर्च. मुदत ४९ वर्षांची का, याचे उत्तर त्या अर्ध्या टक्क्यात आहे.

आता मुख्य गोम. खंड हे जमिनीचे भाडे नव्हते. उत्तरेच्या, काळी माती नसलेल्या प्रांतांत जमीन भिकार होती. शेतकरी विणकाम, सुतारकाम, गाडीवानी किंवा शहरातली मजुरी करून खंड भरत असे. मालकाला उत्पन्न माणसापासून मिळे. माणसाची किंमत कायद्याने मागता येत नव्हती, म्हणून ती जमिनीत घुसवली. त्यासाठी उत्तरेत खंडाची चढती-उतरती वाटणी केली : निम्मा खंड पहिल्या देसियातिनेवर (एक देसियातिना म्हणजे सुमारे पावणेतीन एकर), पाव दुसऱ्या देसियातिनेवर, उरलेला पाव बाकीच्या सगळ्या जमिनीवर. चार देसियातिनांचा वाटा आणि १० रूबल खंड असेल तर पहिलीचे ५, दुसरीचे अडीच, तिसरी-चौथीचे सव्वा-सव्वा रूबल. मालकाने एक देसियातिना कापून घेतली की जमीन चौथ्या हिश्श्याने कमी व्हायची, खंड मात्र आठव्याच हिश्श्याने. त्या काळच्या बाजारभावाने शेतकऱ्यांकडे आलेली जमीन सुमारे ५४ कोटी ४० लाख रूबलची होती. आकारले गेले ८६ कोटी ७० लाख.

कापून घेतलेल्या या तुकड्यांना रशियनमध्ये ‘ओत्रेझ्की’ म्हणतात. प्रत्येक भागासाठी वाट्याची कमाल आणि किमान मर्यादा ठरलेली होती. गावाकडे कमालीपेक्षा जास्त जमीन असली की वरची मालकाची. सगळे मिळून शेतकऱ्यांच्या वहिवाटीतली सुमारे पाचवा हिस्सा जमीन गेली, व्होल्गाकाठच्या सामारा-सारातोव्हकडे त्याच्या दुपटीच्या आसपास. गावाची जमीन आणि देणे नोंदवणारी सनद लिहायचा अधिकार मालकाचा, तपासणारा ‘शांतता-मध्यस्थ’ही उमरावांतलाच. त्यामुळे नेमके काय कापले गेले ते पाहावे : कुरण, पाणवठा, जंगल, गुरांची वाट. नकाशावर चिंचोळी पट्टी दिसते, पण ती ओलांडल्याशिवाय गाय पाण्यावर जात नाही. गाय शिरली की दंड. तो टाळायचा तर पट्टी भाड्याने घ्यायची, आणि भाडे मालकाच्या शेतात राबून फेडायचे. वेठ कागदावरून गेली आणि या वाटेने परत आली.

गावकी, म्हणजे ‘मीर’, हप्त्यांना सामुदायिकरीत्या जबाबदार होती. एकाने थकवले तर बाकीच्यांनी भरायचे. साहजिकच कोणाला गाव सोडू द्यायचे नाही याची काळजी गावच घेई, आणि परवान्याशिवाय बाहेर मजुरीला जाता येत नसे. ही जबाबदारी १९०३ मध्ये उठली, गावच्या कोर्टाची फटक्यांची शिक्षा १९०४ मध्ये. शिवाय वाटे जुन्या शिरगणतीतल्या पुरुषसंख्येवर ठरलेले होते. पुढे माणसे वाढली, जमीन तेवढीच राहिली. युरोपीय रशियात दर पुरुषामागे वाट्याची जमीन १८६० मध्ये सरासरी ४.८ देसियातिना होती, १९०० मध्ये २.६. गावकी त्याच त्या पट्ट्या घराघरांत पुन्हा पुन्हा वाटत असल्याने शेणखत घालून जमीन सुधारण्याचा उत्साह कोणाला असणार?

घरकामाच्या सुमारे १५ लाख भूदासांना तर वीतभरही जमीन मिळाली नाही. कमाल वाट्याचा चौथा हिस्सा फुकट घेऊन मोकळे होण्याचीही सोय होती. कर्ज नको म्हणून लाखोंनी ती घेतली आणि पुढे त्यांना पोट भरेना. लोक त्याला ‘भिकाऱ्याचा वाटा’ म्हणत.

शेतकऱ्यांना हा हिशेब कळला नाही असे समजू नये. आपण कसतो ती जमीन आपलीच, तिचे पैसे कसले, हा त्यांचा सवाल होता. एप्रिल १८६१ मध्ये कझान प्रांतातल्या बेझ्दना गावी थोडेफार वाचता येणाऱ्या आंतोन पेत्रोव्हने तो शेकडो पानी कायदा वाचला. नमुन्याच्या तक्त्यात आकड्यांच्या जागी शून्ये छापली होती, त्यांत त्याला ‘खरी मुक्ती’ सापडली. हजारो लोक जमले. सैन्याने गोळीबार केला, पन्नासहून अधिक माणसे मेली, आणि आठवड्याभरात पेत्रोव्हलाही गोळ्या घातल्या.

सोडवणूक १८८३ पासून सक्तीची झाली आणि हप्तेही थोडे उतरले. तरी थकबाकी साचतच गेली. अखेर १९०५ च्या शेतकरी उठावांच्या धक्क्याने, त्या वर्षीच्या ३ नोव्हेंबरच्या जाहीरनाम्यानुसार हप्ते १९०६ साठी निम्मे आणि १ जानेवारी १९०७ पासून रद्द झाले. तोवर दीड अब्ज रूबलहून जास्त वसूल झाले होते.

ता. क. : १८६१ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही झाल्याची तारीख कुठे १९ फेब्रुवारी, कुठे ३ मार्च छापतात. दोन्ही बरोबर आहेत, पहिली रशियातल्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरची, दुसरी आपण आज वापरतो त्या इंग्रजी कॅलेंडरची. प्रत्यक्षात पीटर्सबर्ग-मॉस्कोत तो वाचून दाखवला गेला आणखी दोन आठवड्यांनी. प्रश्नपत्रिकेत या तारखा एकाच प्रश्नाचे पर्याय म्हणून देऊ नयेत, नाहीतर गुण वाटत बसावे लागेल.

आपला,
इतिहासाचा एक अभ्यासक