इंजेक्शन डोक्याला मानवले, विमा कंपनीला नाही

महोदय,

आपल्या पुरवणीत कोंड्यावरचे घरगुती उपाय वाचले. दही, लिंबू, मेथ्यांचा लेप, सगळे थापून झाले. नऊ वर्षांनी त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले, हा कोंडा नव्हे, डोक्यातला सोरायसिस. शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते आणि महिन्याभरात बदलणारी त्वचा चार-सहा दिवसांत खपल्या होऊन गळू लागते. तो संसर्गजन्य नाही. पण सलूनवाल्याने अर्धे केस कापून झाल्यावर कंगवा बाजूला ठेवला, "साहेब, बाकीच्या गिऱ्हाइकांना लागेल," म्हणाला. उरलेले केस घरी बायकोने कापले.

डांबराचा शाम्पू, स्टेरॉइडचे लोशन, मग आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध. यकृताच्या तपासण्या बिघडल्या, तेही थांबले. गेल्या वर्षी क्षयरोगाची तपासणी करून डॉक्टरांनी सेक्युकिनुमॅबचे इंजेक्शन सुरू केले. हे औषध दाह पेटवणाऱ्या 'इंटरल्युकिन-१७' या एकाच प्रथिनाला अडवते. सुरुवातीला दर आठवड्याला एक अशा पाच मात्रा, पुढे महिन्याला एक. तिसऱ्या महिन्यात उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसेनासे झाले. दिवाळीला काळा कुडता घातला. आजार मुळासकट जातो असे नाही, औषध थांबवले की परत येऊ शकतो, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते.

खरी खाज आता विमा कंपनीची आहे. पाचही मात्रा रुग्णालयात डे-केअरमध्ये, म्हणजे त्याच दिवशी घरी परतून, घेतल्या. तरी दावा नामंजूर. कारण काय, तर २४ तास भरती नव्हती आणि आजार "डोक्यापुरता" आहे! टाळूची त्वचा अंगाच्या जेमतेम तीन-चार टक्के, हे कबूल. पण टक्क्यांवरच तीव्रता ठरवायची पद्धत तज्ज्ञांनी केव्हाच सोडली. आता टाळू, तळहात, जननेंद्रिये अशा जागी थोडा आजार असला तरी अशी औषधे देता येतात. शिवाय विमा नियामकाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी काढली, तीत इंजेक्शनने द्यायची मोनोक्लोनल अँटिबॉडी (माझे औषध याच प्रकारचे) स्पष्ट लिहिली आहे. डे-केअरही त्यात आले. त्यानुसार कंपनीला रकमेची मर्यादा घालता येते, उपचारच वगळता येत नाही. माझ्यासारखे किती जण नकाराचे पत्र घडी घालून कपाटात ठेवत असतील! त्यांनी आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, महिन्यात दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जावे. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

माझा अर्ज तिथे गेला आहे. पुढच्या मात्रेसाठी तूर्त पतपेढीतून कर्ज काढले आहे.

– एक वाचक, सातारा