भीमेचा उगम परक्या जिल्ह्यातला कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भीमाशंकर अभयारण्यातील कचऱ्याची बातमी आपण कालच्या अंकात आतल्या पानावर, 'पुणे जिल्हा' या सदरात चार ओळींत उरकली, याचे मला मनापासून वाईट वाटले. भीमेवरच्या उजनी धरणातील पाणीसाठ्याची टक्केवारी आपण पहिल्या पानावर देता आणि वापरायोग्य साठा संपून धरण वजा पातळीत गेले की आम्ही सोलापूरकर सकाळी उठून आधी तोच आकडा पाहतो. मग जिथे भीमा उगम पावते ते रान आपल्याला परके का वाटावे? उजनीत इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड यांचेही पाणी येते हे मला ठाऊक आहे, पण नदीला नाव भीमेचेच आहे.

गेल्या श्रावणात आम्ही येथून खासगी बसने दर्शनाला गेलो होतो. झाडीतल्या पायवाटेने गुप्त भीमाशंकरला पोहोचलो, तर ओढ्यातल्या दगडांत थर्मोकोलच्या ताटल्या आणि शाम्पूच्या पुड्या अडकलेल्या. दोन ताटल्यांना शेंगाचटणी चिकटलेली होती, आणि ती सकाळी आमच्याच बसमध्ये भाकरीबरोबर वाटलेली होती. उजनीचे पाणी पिणाऱ्या आम्हीच ती घाण तेथे टाकली होती. हाताला लागेल तेवढे मी पिशवीत भरू लागलो, तेव्हा सहलीचे आयोजक म्हणाले, "काका, चला, उशीर होतोय, ते वनखात्याचे काम आहे." शरमेने मला उत्तर सुचले नाही.

परतताना उंचावर शेकरूचे काटक्या-पानांचे गोल घरटे दिसले. १९८५ साली सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य झाले ते मुख्यत्वे या प्राण्यासाठी. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातो; त्यामुळे रस्त्यासाठी चार झाडे तोडली तरी त्याची वाट तुटते. झाडांखालचा पालापाचोळा पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि ते पुढे हळूहळू ओढ्यांना मिळते, हेही वाचकांना कधीतरी सविस्तर सांगावे.

 

यंदा श्रावणात पुन्हा जायचे ठरले आहे. थर्मोकोलऐवजी स्टीलच्या ताटल्या घ्याव्यात आणि खरकटे बसमधूनच परत आणावे, असे मी आयोजकांना सुचवले आहे. त्यांचा होकार अद्याप आलेला नाही.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर