अळी, दैव आणि आपला हात

पोळ्याचा आदला दिवस

प्रिय गड्या,

‘अळी यायची असेल तर येईलच, मग सापळे लावून काय होते?’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य मनातून जात नाही. कारणाशिवाय काही घडत नाही, इथवर मी तुझ्या बाजूचा आहे. पुढचं पटत नाही.

कपाशीची गुलाबी बोंडअळी आभाळातून पडत नाही. फरदड घेतली, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशी उभी ठेवून पुन्हा बोंडं घेतली, किंवा पऱ्हाट्या (कपाशीची वाळली झाडं) धुऱ्यावर रचून ठेवल्या, की ती जुन्या बोंडात दोन सरक्या जोडून त्यांच्या आत सुप्त पडून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन निघते. सगळं कारणानंच चालतं. पण तुझी नजर आणि तुझा हात हीसुद्धा त्याच साखळीतली कडी आहे. ती सोडून हिशोब केला तर हिशोबच चुकला. ‘बरं व्हायचं असेल तर होईलच, वैद्य कशाला?’ या प्रश्नाला ग्रीसमधल्या क्रिसिपस या तत्त्वज्ञानं बावीसशे वर्षांपूर्वी उत्तर दिलं: बरं होणं ठरलं असेल, तर वैद्याला बोलावणंही त्याच्यासोबतच ठरलेलं आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायातही कर्माची कारणं पाच आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. पारावर मात्र आपण पाचव्यापासूनच मोजायला लागतो.

तू म्हणशील, हात हलवायची इच्छा तरी आपली कुठे? १९८३ मध्ये बेंजामिन लिबेट या मेंदूच्या अभ्यासकानं मोजलं, की मनगट हलवायच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी मेंदूत तयारी सुरू होते आणि ‘हलवावं’ ही जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी येते. यावरून इच्छाच खोटी म्हणणारे बरेच निघाले. मला ते घाईचं वाटते. ती तयारी म्हणजे आधीच झालेला निर्णय नसून मेंदूत आपोआप होणाऱ्या चढउतारांचा साठाही असू शकतो, असं २०१२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं. आणि कारण नसताना मनगट हलवणं वेगळं, फवारायचं की थांबायचं हे तीन दिवस तोलणं वेगळं.

बुद्धीचं काम त्या तोलण्यात आहे. अंड्यातून निघालेली अळी कोवळ्या बोंडात शिरली की भोक बुजते. बोंड वरून हिरवंगार, आणि फवारा आत पोचत नाही. म्हणजे हात पोचायची वेळ थोडीच असते, आणि ती ओळखावी लागते. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लाव, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग आले तर नुकसानीची पातळी ओलांडली, फवारायची वेळ आली समज. सोबत वावरात फिरून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं फोड. दोनांत अळी दिसली तरी तेच. पाकळ्या चिकटून न उमललेली डोमकळी दिसली की ती तोडून नष्ट कर, तिथंच टाकू नको.

घोटाळा होतो तो ल्यूरमध्ये, म्हणजे सापळ्यातल्या वासाच्या गोळीत. तीन-चार आठवड्यांत तिचा वास उतरतो, सापळा रिकामा राहतो, आणि माणूस म्हणते, ‘यंदा अळी नाही.’ मग बोंडं फुटल्यावर किडकी कवडी, म्हणजे डागाळलेला, नीट न फुललेला कापूस हाती आला, की नाव दैवाचं.

पोळा आटोपला की ल्यूर बदल, तारीख सापळ्याच्या काठीवरच लिहून ठेव आणि तिन्ही रात्रींचे आकडे मला कळव. एका रात्रीचा नको.

तुझा मित्र