सूचना : वीज तपासणी आणि विशेष सर्वसाधारण सभा

सर्व सभासदांना नमस्कार.

पुढच्या रविवारी सकाळी १० वाजता गच्चीवर विशेष सर्वसाधारण सभा आहे. विषय एकच. आपली जुनी इमारत वर्षभरात जेवढी वीज वापरते, तेवढी तिने स्वतः तयार करावी. हे टप्प्याटप्प्याने कसे करायचे, ते ठरवायचे आहे.

आधी वापर कमी, मग सोलर. हा क्रम कृपया बदलायला सांगू नका. एका किलोवॉटच्या सोलर पॅनेलना साधारण १०० चौरस फूट मोकळी, उन्हाची जागा लागते आणि आपल्या गच्चीवर दुपारनंतर टाकीची सावली पूर्वेकडच्या भागावर पसरते. उधळपट्टी भागवायला पुरेल एवढी गच्ची आपल्याकडे नाही.

त्याआधी शनिवारी तपासनीस घरोघरी येतील. तेव्हा :

- मागच्या १२ महिन्यांची वीजबिले काढून ठेवा.
- पंखे मोजा. जुना पंखा सुमारे ७५ वॉट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३०च्या आसपास. घाऊक खरेदीसाठी आकडा हवा.
- वरच्या मजल्यावरच्यांनी गळतीच्या जागा दाखवा. पॅनेल बसल्यावर वॉटरप्रूफिंग करणे फार अवघड जाते.
- गच्चीवरच्या कुंड्या, जुने सामान शुक्रवारपर्यंत हलवा.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापराच्या सोलरसाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे त्यात बसतात. अर्जासाठी सभेचा ठराव लागेल, म्हणून भाडेकरू असलेल्या सदनिकांच्या मालकांनीही जरूर यावे.

– सचिव, व्यवस्थापक समितीच्या वतीने