मधली जागा मोकळी सोड

प्रिय बाळा,

तू पाठवलेला बागेचा प्लॅन कालपासून चारपाच वेळा उघडून बघितला, रात्री झोप येईना तेव्हा परत बघितला. मस्त काढलायस, मापं टाकलीयेस, झाडं कुठे ते दाखवलंयस. मधोमध घसरगुंडी, झोका आणि चढायची जाळी एकत्र असलेला तो मोठा सेट, भोवती लॉन, कडेने फुलझाडं आणि कोपऱ्यात बाक. फोनवर मी नुसतं "छान आहे" म्हणून गप्प बसलो ते तुला जाणवलं असणारच, म्हणून नीट लिहितोय. फोनवर बोललो असतो तर तुला वाटलं असतं बाबा नेहमीसारखी खोट काढतायत, तसं नाहीये.

मला त्यातली एकच गोष्ट पटली नाही. तो सेट मधे नको. एका कडेला सरकव, आणि मधली जागा काहीही न मांडता मोकळी सोड.

तू पाच वर्षांची असताना मी मागच्या दारी लोखंडी पाइपांचा झोका उभा केला होता, आठवतो? पाइप चांगला जाड घेतला, वेल्डिंग समोर उभं राहून करून घेतलं, साखळीची एकेक कडी ओढून बघितली आणि बसवला कुठे तर सिमेंटच्या कोब्यावर, कारण तिथे सपाट होतं आणि तुझे पाय चिखलात जाणार नव्हते. तिसऱ्याच आठवड्यात तू चालत्या झोक्यावरून उडी मारलीस आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. तुझं प्लास्टर निघायच्या आधी मी झोका कापून काढला होता. चूक झोक्याची नव्हतीच गं, खालच्या कोब्याची होती. जमीन बदलायची सोडून मी तुझा झोका काढून घेतला, आणि तू त्यानंतर दोन वर्षं "बाबा झोका कधी" असं विचारत राहिलीस, ते मला अजून आठवलं की त्रास होतो.

पण त्याच वर्षी अजून एक झालं होतं. बांधकामातली उरलेली वाळू तिथेच ढीग करून पडली होती, शेजारी एक फळी, दोन फुटकी घमेली आणि गळणारा नळ. त्या ढिगावर तू आणि शेजारची पोरं संध्याकाळच्या संध्याकाळ असायचात. नळाच्या थेंबाखाली तू बोटाने एक चर काढलास, मग त्याला फाटा काढलास, पाणी वाळूत मुरून जातं म्हणून खाली प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा अंथरलास, हे मी खिडकीतून बघत होतो. कुणी शिकवलं नव्हतं तुला. आणि मी त्या ढिगाकडे बघून काय म्हणायचो, तर हा पसारा एकदा उचलायला पाहिजे. एक दिवस उचललाच.

हे फक्त आपल्याकडचं नाही. डेन्मार्कमधे सोरेन्सन नावाचे लँडस्केप आर्किटेक्ट होते, त्यांनी मुलांसाठी चांगली मैदानं आखली होती, आणि त्यांच्या लक्षात आलं की पोरं आखलेल्या मैदानापेक्षा बांधकामाच्या जागी, भंगारात जास्त रमतात. मग 1943 साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एमड्रुपला त्यांच्या कल्पनेतून भंगाराचंच मैदान सुरू झालं, फळ्या, विटा, हत्यारं, माती, आणि पोरांनी स्वतः तिथे झोपड्या बांधल्या. पुढे 1971 मधे सायमन निकोलसन नावाच्या माणसाने हेच सुट्या वस्तूंबद्दल लिहिलं, की जागेत हलवता जोडता मोडता येणाऱ्या गोष्टी जितक्या जास्त तितकं मुलांना सुचतं जास्त. घसरगुंडीवरून किती वेळा घसरणार? महिनाभर नवलाई असते, मग तिच्यावर उलटं चढणं सुरू होतं आणि आपण ओरडतो. फळीचा मात्र आज पूल होतो, उद्या दुकान, परवा जहाज.

म्हणजे सेट घेऊच नको असं नाही म्हणत हं. तुझ्या थोरल्याला चढायला, लोंबकळायला, उंचावरून बघायला हवंच आहे, त्याचं वय आहे ते, आणि धाकटीला झोका हवाच. फक्त पैसे आणि जागा दोन्ही त्यातच संपवू नको.

आता धोक्याचं, कारण तुला रात्री त्याचीच काळजी वाटते हे तू बोलली नाहीस तरी मला कळतं. मी झोका कापला तेव्हा मला जे कळलं नव्हतं ते असं, की धोके दोन जातीचे असतात. फांदी उंच आहे, दगड डुगडुगतोय, उतार जोरात आहे, हे मुलाला दिसतं, ते घाबरतं, अंदाज घेतं, एक पायरी चढून परत येतं, दुसऱ्या दिवशी दोन चढतं. हे त्याच्यासाठी ठेव. पण गंजलेली कडी, जमिनीखालचं सिमेंट, डोकं अडकेल अशी फट, विषारी शेंग, हे त्याला दिसूच शकत नाही, ते शोधून काढायचं काम तुझं आणि माझं. हे काम झालं की बाकी ठिकाणी तोंड बंद ठेवता येतं.

तर पहिली जमीन. तू सेटखाली लॉन दाखवलंयस, लॉन नको. गवत बघायला मऊ, पण पोरांच्या पायांनी महिन्यात उडतं आणि खालची माती दगडासारखी टणक होते, झोक्याखाली तर पाय घासून घासून बशीसारखा खड्डा पडतो. लाकडाचे बारीक तुकडे भर, जाड थर. 12 इंच भरलेस तर दबून साधारण 9 इंच राहतील, तेवढे पाहिजेतच. वाळू पण चालते पण तितकी झेलत नाही, 9 इंच वाळू साधारण 4 फुटांवरून पडण्यापुरती, शिवाय ओली होऊन दबली की कडक होते. आणि हा थर सेटच्या चारी बाजूंना निदान 6 फूट हवा, कारण पोर सरळ खाली पडत नाही, बाजूला फेकलं जातं. झोक्याला वेगळा हिशोब, आडवी दांडी जमिनीपासून जितकी उंच त्याच्या दुप्पट जागा पुढे आणि तेवढीच मागे. म्हणजे दांडी 7 फूट असेल तर पुढे 14 मागे 14. तुझ्या प्लॅनमधे झोक्याच्या मागे कुंपण साडेपाच फुटांवर आहे! म्हणून म्हणतोय झोका सेटपासून सोडव आणि बागेच्या लांब भिंतीला समांतर पुढेमागे जाईल असा लाव, तिकडे लांबी मिळते. दर पंधरा दिवसांनी फावड्याने ते तुकडे परत झोक्याखाली ओढायचे, थोरल्याला ते काम दे, त्याला आवडेल.

दुसरं म्हणजे फटी. 3.5 इंचापेक्षा मोठी आणि 9 इंचापेक्षा लहान अशी फट शिडीच्या पायऱ्यांत, कठड्यात, जाळीत कुठेही नको. लहान मूल पाय आधी घालतं, अंग सरकून जातं आणि डोकं अडकतं. दुकानात सेट बघायला जाशील तेव्हा पर्समधे टेप ठेव, सेल्समन काय म्हणतो त्यापेक्षा टेप काय म्हणते ते बघ. नाडीचे कपडे घालून घसरगुंडीवर नाही, आणि सेटला उड्या मारायची दोरी बांधून ठेवायची नाही, हे दोन नियम कडक ठेव. आणि हो, धाकटीला मांडीवर घेऊन घसरू नको, जावईबापूंनाही सांग. खूप प्रेमाने करतात लोक, पण मुलाचा बूट कडेला अडकतो, मोठ्या माणसाचं वजन थांबत नाही आणि पायाचं हाड पिळून मोडतं. तिला एकटीलाच बसू दे, नसेल बसायचं तर नको बसू दे.

घसरगुंडीचं तोंड दुपारच्या उन्हाकडे नको, पत्र्याची असो वा प्लास्टिकची, तापली की मांड्या भाजतात. आपण उत्तर गोलार्धातले, म्हणजे तोंड उत्तरेकडे केलं की बरंचसं काम होतं, नाहीतर त्या मोठ्या झाडाच्या सावलीत घे. पण आधी झाडाच्या वाळक्या फांद्या कुणाकडून तरी तपासून काढून घे.

कुंपणाला तू कण्हेर लिहिलीयेस. ती काढ, आजच काढ. फुलं सुंदर असतात मान्य, पण पान, फूल, खोड, सगळंच विषारी आहे. एरंड, धोतरा, गुंज पण नको, गुंजेचा तो लालकाळा दाणा तर कुठलंही पोर उचलून तोंडात घालेल. त्याजागी जास्वंद लाव, नाहीतर मोगरा. पाण्याचा टब ठेवशील तर खेळून झाला की रिकामा करून उपडा घालायचा, रोज, विसरायचं नाही, कारण लहान बाळ दोन इंच पाण्यातसुद्धा बुडतं आणि आवाज होत नाही. जुनं लाकूड फुकट मिळतंय म्हणालीस ते रेल्वेचे स्लीपर असतील तर नको, त्यात क्रिओसोट नावाचं डांबरासारखं विषारी रसायन मुरलेलं असतं, उन्हात वर येतं. जुनं हिरवट झाक असलेलं लाकूडही नको, पूर्वी टिकावं म्हणून त्यात आर्सेनिकवालं औषध भरायचे, अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते 2003 च्या शेवटी बंद केलं. ट्रॅम्पोलिन थोरला मागतोय ते मला माहितीय, मला फोन आला होता त्याचा. मला विचारशील तर आत्ता नको, त्यावर जास्तीत जास्त दुखापती दोन तीन पोरं एकदम उड्या मारताना होतात आणि तुझ्याकडे एकावेळी एक पोर कधी असतं का.

आता मोकळ्या जागेबद्दल, हे मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं. वाळूचा खड्डा कर, दीड फूट खोल, तळाला खडी आणि त्यावर पाणी जाईल असं कापड, म्हणजे पाणी साचणार नाही आणि वाळू मातीत मिसळणार नाही. रात्री ताडपत्री टाकायची, मांजरांनी घाण करू नये म्हणून. पण तो इतका मोठा कर की दोन पोरं आत बसून एकमेकांना कोपर लागणार नाही, त्या विकतच्या कासवाच्या आकाराच्या टोपल्या नको, त्यात एकच बादली मावते आणि भांडणं होतात. खड्ड्याजवळ नळ हवा. नळ लांब असला की पाणी आणायला परवानगी मागावी लागते आणि खेळ तिथेच मोडतो. शेजारी चार फूट बाय चार फूट जागा नुसती मातीची, उकरायला. चिखल होईल, कपडे जातील, होऊ दे. फिनलंडमधे पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती, गवत, झुडपं आणून टाकली आणि फक्त 28 दिवसांत मुलांच्या त्वचेवरचे जिवाणू जास्त विविध झाले, रक्तातही प्रतिकारशक्तीशी संबंधित चांगले बदल दिसले, 2020 साली छापून आलंय ते. मुलं कमी होती त्यात, 75, पण मला ते पटलं.

आणि एक लपायची जागा. तुझ्या प्लॅनमधे स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळी बाग दिसते, आईचं मन कळतं मला, पण मुलांना कुणी बघत नाहीये असं वाटणारी एक जागा लागतेच. झुडपं खालून गुडघ्याच्या उंचीपर्यंत छाटून घे, म्हणजे तुला पाय दिसतील आणि त्यांना वाटेल आपण गायब झालो. तू पाण्याच्या टाकीमागे बसायचीस ना, आम्हाला दोघांनाही माहीत होतं, तुझी आई म्हणायची तिला हाक मारू नका.

सुटं सामान ठेवायला एक खोका ठेव, झाकणाचा, बिजागरीत बोट सापडणार नाही असा. त्यात चारपाच गुळगुळीत केलेल्या फळ्या, पाइपचे तुकडे, बादल्या, जुनी भांडी, चादर, मोठे दगड. टायर आणलास तर खाली भोकं पाड, नाहीतर डास. आणि हे सगळं संध्याकाळी आवरून बाग फोटोसारखी करू नको, त्यांचा अर्धा बांधलेला पूल रात्रभर तिथेच असू दे. सकाळी उठून ते थेट तिथे जातील बघ.

विकत काही घ्यायच्या आधी एक आठवडा फक्त बघ. बाग आहे तशी ठेव, दोघांना सोड, आणि ती कुठे थांबतात, कुठून पळतात, कुठल्या झाडाखाली उकिडवी बसतात ते प्लॅनवर पेन्सिलीने टिंब टिंब करून मला पाठव. दुपारी तीन वाजता सावली कुठपर्यंत येते ती रेघ पण मार, आणि पाऊस पडला तर पाणी कुठे साचतं ते.

मी पुढच्या महिन्यात येतो तेव्हा पान्ह्यांचा डबा आणि मोठी टेप घेऊन येतो, बोल्ट आणि साखळ्या तू घेऊ नको, त्या मला हातात धरून बघायच्यात. खांबाचं सिमेंट मी ओतून घेईन, जमिनीच्या चांगलं खाली, वर लाकडाचे तुकडे. थोरल्याला म्हणावं खड्डा आपण दोघांनी खणायचाय, त्याच्या मापाचं फावडं आणतोय.

तुझा,
बाबा